चावी फिरवण्याआधी थांबवलंत, त्याबद्दल

मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी पुन्हा चालू करायची म्हटलं की पहिला हात चावीकडे जातो. नवी बॅटरी जोडायची आणि सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारून बघायचा. तुम्ही तो हात धरलात, आणि का धरला तेही समजावून सांगितलंत. आज आम्ही कोणतीही बंद गाडी हाती घेतली तरी तुमचाच क्रम पाळतो. हे पत्र उघडपणे लिहितोय, कारण तुमची ही रीत ज्यांच्यापर्यंत पोचली नाही त्यांच्याही हाती ती लागावी असं मनापासून वाटतं.

गाडी उभी राहिली की सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल हळूहळू उतरून इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरमध्ये जातं. इंजिन कुठेही थांबलेलं असो, एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असतोच. त्यातून दमट हवा आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगा जिथे टेकल्यात तिथे गंजाची बारीक कडी धरते. सेल्फची मोटर फ्लायव्हीलच्या दात्यांवरून इंजिनला जोराचा हिसका देते. त्या हिसक्यात रिंगा गंजावरून खरवडत जातात, कधी तुटतात, आणि दोन दिवस थांबलो असतो तर वाचलं असतं ते इंजिन बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर नव्याने कोरून घ्यायला, जातं. एवढं एक कळलं की घाई आपोआप कमी होते.

म्हणून बॅटरी बाजूला, गिअर न्यूट्रलला. स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे) काढण्याआधी त्यांच्या खळग्यांतली माती हवेने उडवायची, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. प्लग ओळीने मांडून ठेवायचे, कारण कोणता कोरडा, कोणता गंजलेला, कोणता तेलकट यावरून आतली अवस्था बाहेरच कळते. मग प्रत्येक भोकातून साधारण १० मिली पातळ तेल सोडायचं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल किंवा गंज सोडवणारं तेल, दोन्ही चालतं. दोन दिवस थांबायचं. इंजिन हट्टी असेल तर आठवडाभर थांबायचं आणि मध्ये एकदा तेल पुन्हा घालायचं.

त्यानंतर क्रँकच्या (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा) पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून हाताने फिरवायचं, आणि पूर्ण फेरा द्यायचा तो इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने. बहुतेक इंजिनं पुलीकडून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, पण काही उलटी असतात, तेव्हा आधी पुस्तिका बघायची. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या बोल्टवर जोर लावायचा नाही. हाताला काय लागतंय ते ओळखायला तुम्ही शिकवलंत, हे आमच्या लेखी सगळ्यात मोलाचं. चिकट, रबरी अडथळा लागला तर तो गंज किंवा जुनं ऑइल. हलकेच जरासं मागे, जरासं पुढे करत तो सुटतो. टणक, धातूवर धातू आदळल्यासारखा अडथळा लागला तर तिथेच थांबायचं, कारण व्हॉल्व्ह अडकलाय किंवा आत काहीतरी पडलंय. तिथे पान्याला पाईप लावून ताकद वाढवणं म्हणजे उरलेलं इंजिनही मोडणं. क्रँकचे दोन पूर्ण फेरे अडथळ्याविना झाले की चारही स्ट्रोक पार पडले.

टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम एका तालात ठेवणारा रबरी पट्टा) असलेल्या गाडीत तुम्ही एक पायरी जास्त सांगता आणि ती कधीही गाळू नये. बेल्ट किलोमीटरने झिजतो तसा वयानेही मरतो. वरून ठीक दिसला तरी त्याचे दाते पहिल्या जोरात सोलून निघू शकतात, आणि ज्या इंजिनात व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतात तिथे व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि तिथलाच वॉटर पंप, हे सगळं इंजिन सुरू करण्याआधीच बदलायचं. चेन असेल तर ही चिंता बरीच कमी.

एअर फिल्टरचा डबा उघडून बघायलाही तुम्हीच लावलंत. उंदरांचं आवडतं घर तेच. चिंध्या, काड्या, बियांची टरफलं पहिल्याच फेऱ्यात आत ओढली जातात. सायलेन्सरचं तोंड आणि हीटरचा पंखाही बघायचा. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. मास्क आणि हातमोजे घालून, जंतुनाशकाने भिजवून पुसायच्या. कुरतडलेली वायर दिसली तर ती शेवटपर्यंत माग काढून दुरुस्त करायची, नुसती टेप गुंडाळायची नाही.

आता ऑइल. चेंबरचा नट सैल करून आधी काय गळतं ते बघायचं. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं आणि आधी बाहेर येतं. ऑइल दुधाळ असेल तर हेड गॅस्केटचा (सिलिंडरवरचं झाकण म्हणजे हेड, त्याखालची पट्टी) संशय धरायचा. नवं ऑइल, नवा फिल्टर घालून, प्लग बाहेरच ठेवून, इग्निशन कॉइल सुटी करून आणि इंधन पंपाचा फ्यूज काढून मगच पहिल्यांदा सेल्फ मारायचा. एका वेळी ५ ते १० सेकंद, मध्ये मोटरला विश्रांती. प्लगच्या भोकांवर फडकं टाकायचं, कारण आत सोडलेलं तेल फवाऱ्यासारखं उडतं. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत हे करायचं. प्लग नसल्याने दाब नाही, त्यामुळे बेअरिंगवर भार न येता ऑइल वरपर्यंत पोचतं. सुरू होण्याआधीच इंजिन आतून ओलं करून घ्यायचं, ही आम्हाला तुमच्या सगळ्या रीतीतली सर्वात सुंदर गोष्ट वाटते.

बॅटरीचं फार लांबवत नाही. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. काही वर्षं रिकामी पडलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसलेला असतो; तिच्यावर वेळ घालवू नये. चांगली बॅटरी लावूनही सेल्फ फिरत नसेल तर खरा फॉल्ट पुष्कळदा अर्थच्या पट्टीत, म्हणजे बॅटरीला बॉडी आणि इंजिनशी जोडणाऱ्या तारेत, असतो. इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी, दोन्ही टोकं खरवडून चकचकीत करायची.

पेट्रोलच्या बाबतीत तुम्ही कधीच तडजोड केली नाहीत. जुन्या पेट्रोलमधला हलका, सहज पेटणारा भाग उडून जातो, उरलेल्याची राळ होते आणि त्याला व्हार्निशसारखा आंबूस वास येतो. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतलं पाणी शोषतं, आणि प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. पंपाची जाळी नेमकी तिथेच असते. वरून ताजं पेट्रोल ओतून हे बरं होत नाही, उलट सुटलेला कचरा पुढे जातो. टाकी पूर्ण रिकामी करायची. गंज असेल तर टाकी उतरवून, आत साखळीचा तुकडा टाकून हलवून, धुऊन, पूर्ण वाळवायची. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ भरलेली असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. तिच्यावर वेल्डिंग करायचं नाही, हे तुम्ही दरवेळी बजावता आणि ते बजावायलाच हवं.

कार्बोरेटरचे (हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या गाड्यांतला भाग) जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, तारेने टोकरायचे नाहीत. पितळ मऊ असतं, भोक जरा मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनरमध्ये भिजवायचं, हवेने उडवायचं, फ्लोटची सुई आणि तिची बैठक तपासायची. रबरी पाईप सगळे नवे. इंजेक्शनच्या गाडीला त्याच दाबाचा पाईप लागतो, कारण तिथे दाब साधारण ३ बार असतो आणि कार्बोरेटरला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाच. साधा पाईप फुटून गरम इंजिनवर पेट्रोल उडालं तर आगच. कार्बोरेटरची गाडी आधी बाहेरच्या छोट्या कॅनमधल्या ताज्या पेट्रोलवर चालवून बघता येते, इंजेक्शनच्या गाडीत मात्र टाकीतून सुटका नाही. पॉइंटवाल्या जुन्या गाडीत पॉइंटांवर, म्हणजे ठिणगीसाठी उघड-मीट होणाऱ्या संपर्कांवर, ऑक्साइडचा थर येतो. बारीक पॉलिश पेपरने घासून फट सुमारे ०.४ मिमी ठेवली की ठिणगी परत येते.

आणि ब्रेक. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात लोक गाडी फाटकाबाहेर काढतात आणि पेडल जमिनीला टेकतं. ब्रेक ऑइल पाणी शोषतं. नवीन डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तोच ओलावा खाल्ल्यावर १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. शिवाय त्या पाण्याने आतले सिलिंडर गंजतात. ब्रेकच्या पाईपांतली हवा काढताना पेडल पूर्ण दाबू नका असं तुम्ही म्हणता, त्याचं कारण आम्हाला फार उशिरा उमगलं. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचे (पेडलला जोडलेला, ब्रेकला दाब देणारा सिलिंडर) वॉशर अर्ध्या अंतरातच फिरतात. पुढचा भाग गंजून खरखरीत झालेला असतो. पेडल तळापर्यंत नेलं की वॉशरच्या कडा त्यावर फाटतात, आणि काल चांगला असलेला मास्टर सिलिंडर आज बसतो. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवून अर्ध्या स्ट्रोकनेच हवा काढायची, पुस्तिकेत वेगळा क्रम नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून.

रबरी ब्रेक पाईप आतून फुगतात. मग दाब जातो पण परत येत नाही, आणि चाक धरून बसतं. कॅलिपरला दोष देण्याआधी पाईप बदलून बघावा. ड्रम अडकला असेल तर हँडब्रेक सोडायचा, ॲडजस्टर मागे घ्यायचा, स्टडांच्या मधल्या भागावर हलके ठोके द्यायचे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ हवेने कधीच उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, आधी घोड्या (गाडी पेलणारे पक्के आधार) लावायच्या.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल तर पेडल लाकडाने दाबून रात्रभर ठेवायचं. तरी नाही सुटली तर ब्रेक पक्के झाल्यावर, पुढे मोकळी जागा ठेवून, इंजिन एकदा गरम करून बंद करायचं. मग वरचा गिअर टाकून, ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबून सेल्फ मारायचा. बहुतेक वेळा ती सुटते.

टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षं उलटलेला टायर, नक्षी कितीही दिसो, काढून टाकायचा. कूलंट बदलायचं, थर्मोस्टॅट गरम पाण्यात उघडतो का बघायचं. जुनं कूलंट गोडसर आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागेल असं सांडू द्यायचं नाही.

पहिल्यांदा गाडी सुरू करायची ती उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटची टकटक काही मिनिटं चालते, तिला घाबरायचं नाही. निळा धूर आपणच घातलेल्या तेलाचा, तो ओसरतो. पांढरा, गोड वासाचा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत जातंय. २० मिनिटांनी बंद करून ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलायचा. सुटलेला सगळा गंज त्यात उतरलेला असतो. पहिल्या एक-दोन किलोमीटरनंतर चारही चाकांजवळ हात नेऊन बघायचं, जे जास्त तापलंय त्याचा ब्रेक धरतोय.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) एका सिलिंडरला कमी आलं की बाकीचे हेड उघडायला निघतात. तुम्ही म्हणता, आधी चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, आणि नुसत्या चिकटलेल्या रिंगा दोन-तीनशे किलोमीटर हळू चालवल्यावर पुष्कळदा आपणहून मोकळ्या होतात. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह. तुमच्या या एका चमच्यामुळे आमच्या हातून कितीतरी हेड विनाकारण उघडायची वाचली, काका. त्यासाठी आणि बाकी सगळ्यासाठी मनापासून आभार.

आपले ऋणी,
तुमच्या हाताखाली शिकलेले आम्ही सगळे