लायनी आल्या म्हणजे हेड गेलं असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चिपळूणला मग आणि टी-शर्ट छापायचं छोटं दुकान चालवतो, आणि दर पावसाळ्यात तेच तेच बघून आता राहवत नाही म्हणून लिहितोय. सब्लिमेशनचा प्रिंटर (कागदावर छापायचं आणि मग तो रंग उष्णतेने कापडावर किंवा मगवर उतरवायचा) आणि त्यासाठी हीट प्रेस (गरम करून दाबणारं मशीन) घ्या, घरबसल्या कमवा, असं सांगून मशीन विकलं जातं, पण प्रिंट खराब आली की काय बघायचं हे कोणी सांगत नाही.

मागच्या आठवड्यात बचत गटातल्या एक ताई सात टी-शर्ट घेऊन आल्या. मंडळाची ऑर्डर, पांढऱ्या कापडावर गणपती, आणि कपाळापासून सोंडेपर्यंत बारीक आडव्या लायनी. ज्याच्याकडून प्रिंटर घेतला त्याने न बघता फोनवरच सांगून टाकलं की हेड (प्रिंटरचा इंक फवारणारा भाग) गेलं, नवीन टाका. कर्ज काढून घेतलेलं मशीन, ताईंच्या डोळ्यात पाणी होतं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि साध्या कागदावर नोझल चेक काढला, म्हणजे हेडच्या प्रत्येक बारीक छिद्रातून (नोझलमधून) इंक येतेय का हे दाखवणारी रेघांची जाळी. मजेंटाच्या (गुलाबी-जांभळट रंगाच्या) जाळीत तीन ठिकाणी रेघा तुटलेल्या. एक क्लिनिंग दिलं, परत काढला, तर त्या तीन जागा भरल्या आणि दुसऱ्याच दोन ठिकाणी तुटल्या. आता हे नीट समजून घ्या, चोक झालेलं नोझल आपली जागा सोडत नाही, तुटलेली रेघ प्रत्येक वेळी तिथेच दिसते, पण ती जागा बदलत असेल तर नळीत हवा शिरलीय किंवा हेडपर्यंत इंक पुरत नाहीये. टाकी बघितली तर मजेंटा खालच्या खुणेच्याही खाली, आणि ताईंनी घाबरून दिवसभरात अकरा वेळा क्लिनिंग मारलेलं. क्लिनिंग म्हणजे पंपाने इंक ओढून आतल्या पॅडमध्ये फेकणं, टाकी खाली असताना ते करत राहिलात तर इंकऐवजी हवाच ओढली जाते आणि वर पॅड भरतो तो वेगळा. बाटली हलवून टाकी भरली (हा रंग तळाशी बसतो, हलवायलाच पाहिजे), प्रिंटर रात्रभर तसाच ठेवायला सांगितला. सकाळी ताईंनी फोटो पाठवला, जाळी अख्खी. हेड बदलायची गरजच नव्हती!

दुसरं म्हणजे दोष कागदावर आहे की प्रेसनंतर आलाय हे आधी बघा. कागदावर चित्र स्वच्छ आहे आणि कापडावर डबल सावली आलीय तर प्रेस उघडताना कागद सरकलाय, हीटची टेप लावा. एका कडेला फिकं आलं तर तिथे दाब किंवा उष्णता कमी पडतेय. मगवर काळा रंग कॉफीसारखा झाला तर बहुतेक वेळा जास्त भाजलाय. पॉलिस्टर टी-शर्टला १९० ते २०० डिग्री आणि ४५ ते ६० सेकंद इथून सुरुवात करून एका जुन्या कापडावर ट्रायल घ्या. कॉटनवर हा रंग धरतच नाही, कारण इंकची वाफ होऊन ती पॉलिस्टरच्या आत शिरते, कॉटनमध्ये तसं होत नाही आणि पहिल्या धुण्यात चित्र उतरतं. आणि छापलेल्या कागदावर रंग मळकट दिसतात म्हणून सेटिंग बदलू नका, ते तसेच दिसतात, खरा रंग प्रेसनंतरच उघडतो. प्रेसनंतरही लाल तपकिरी येत असेल तर प्रोफाईल (रंग कसे छापायचे हे सांगणारी कॉम्प्युटरवरची फाईल) बघा, ते त्या इंक आणि त्या कागदासाठीच बनवलेलं असतं, बाटलीचा ब्रँड बदलला की जुनं चालेल याची खात्री नाही. म्हणून मला वाटतं प्रोफाईल दिल्याशिवाय इंक विकूच नये.

आमच्या कोकणात तर हवेलाच पाणी सुटलेलं असतं. उघडं ठेवलेलं कागदाचं पाकीट ओल धरतं आणि मग चित्राच्या कडा पसरतात, डाग डाग येतात. कागद झिपच्या पिशवीत ठेवा आणि टी-शर्ट आधी नुसताच ५ ते १० सेकंद प्रेस करा, त्यातून वाफ निघताना दिसते. प्रिंटर बोर्डाच्या स्विचने कधीच बंद करू नका, त्याच्याच बटणाने करा म्हणजे हेड टोपीवर जाऊन बसतं आणि सुकत नाही. छापताना लाईट गेली तर ती आल्यावर लगेच चालू करून परत बटणाने बंद करा.

मशीन विकणाऱ्यांना आणि बचत गटांना ट्रेनिंग देणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, पहिल्या दिवशी मगवर फोटो छापून दाखवण्याआधी नोझल चेक वाचायला शिकवा, अर्धा तास लागतो. आणि पत्र गणपतीच्या आधी छापलंत तर फार बरं होईल, मंडळांच्या ऑर्डरी सुरू झाल्यात.

आपला,
एक वाचक, चिपळूण