बेपत्ता विमान आणि बेलगाम तर्क

महोदय,

मलेशियाचे एमएच ३७० हे विमान ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला जाताना नाहीसे झाले. विषय निघाला की आमच्या विश्रामबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत अजूनही तेच ऐकू येते: विमान पळवून कुठल्यातरी बेटावर उतरवले, वैमानिकानेच घात केला, प्रवासी जिवंत आहेत. मला याचा मनापासून त्रास होतो.

जे ठाऊक आहे ते कमी नाही. रडारवरून दिसेनासे झाल्यावरही विमान आणि उपग्रह यांच्यात काही तास संकेतांची देवाणघेवाण चालू होती. त्यावरूनच शोध दक्षिण हिंदी महासागराकडे वळला. २०१५ मध्ये रीयुनियन बेटावर पंखाचा एक भाग मिळाला, तो याच विमानाचा निघाला. सुमारे १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळूनही मुख्य सांगाडा सापडला नाही आणि २०१८ च्या मलेशियन अहवालाने कारण निश्चित करता येत नाही असे स्पष्ट लिहिले. मग वैमानिकाला खुनी ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? त्यालाही घरदार आहे.

विमानात २३९ जण होते, त्यांत पाच भारतीय. त्यांच्या घरच्यांच्या मोबाइलवरही असल्या तर्कांचे व्हिडिओ येत असतील. महापुरात 'धरण फुटले' अशी आवई उठली की जिवाचे काय होते, हे कृष्णाकाठच्या माणसांना सांगायला नको.

या घटनेनंतर प्रवासी विमानांचा ठावठिकाणा दर पंधरा मिनिटांनी नोंदवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आला. आपल्या दैनिकाने त्यावर सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली