मित्रास पत्र: खांद्यावरची हलकी कॅमेरा बॅग निवडताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. एक मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा म्हणजे बॉडी, २४–१०५ मिलिमीटरची झूम लेन्स आणि ५०ची छोटी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, एवढंच सामान घेऊन दिवसभर पायी फिरायचं आहे आणि पाठीवरची सॅक नको आहे, हे कळलं. सॅक दर फोटोला उतरवावी लागते, तेव्हा खांद्यावरच्या बॅगेचा तुझा विचार मला पटतो. पण तू केलेल्या यादीत प्रत्येक बॅगेपुढे ती किती लिटरची ते लिहिलं आहेस आणि रिकाम्या बॅगेचं वजन एकीपुढेही लिहिलेलं नाही. सुरुवात तिथून कर.

आधी तुझं सामान घरातल्या वजनकाट्यावर ठेव. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) मिररलेस बॉडी बॅटरी आणि कार्डसकट साधारण ६५० ग्रॅम भरते. एफ/४ची (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा) २४–१०५ सातशेच्या आसपास, ५०ची एफ/१.८ दीडशे ते दोनशेच्या मध्ये, जादा बॅटरी ८०, आणि फिल्टर, पुसायचं कापड, कार्डांची डबी मिळून दीडशे धर. सगळं पावणेदोन किलो होतं. रिकामी बॅग सामानाच्या एक तृतीयांशापेक्षा जड असू नये, हा माझा हिशेब. म्हणजे तुला ६०० ग्रॅमच्या आतली बॅग हवी. याच आकाराच्या जाड कॅनव्हासच्या, चामड्याच्या पट्ट्या आणि पितळी बकलं लावलेल्या बॅगा सहज किलोच्या पुढे जातात. तेवढ्या जादा वजनात तुझ्या दोन-तीन ५०च्या लेन्स बसल्या असत्या. शिवाय अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेतलीस की अर्धा किलो वाढलाच.

एकूण भार ३ किलोच्या आत राहिला तर एका खांद्यावर दिवस निघतो. ४ किलोच्या पुढे जाणार असेल तर खांद्यावरच्या बॅगेचा नाद सोड आणि सॅकच घे, मग पट्टा कितीही मऊ असो. एका बाजूला वजन आलं की माणूस नकळत तो खांदा उचलून धरतो आणि कंबर दुसरीकडे झुकवतो. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू तासन्‌तास आखडलेला राहतो. जाड पॅड लावल्याने पट्टा रुतत नाही, पण त्या स्नायूवरचं काम तेवढंच राहतं.

आता लिटरबद्दल. लिटरचा आकडा फसवा असतो, कारण त्यात बाहेरचे खिसेही धरलेले असू शकतात आणि आतला आकार त्यावरून कळत नाही. बाहेरची मापंही उपयोगाची नाहीत. फोम आणि अस्तर मिळून प्रत्येक बाजूला ५ ते १० मिलिमीटर खातात. म्हणून आतली लांबी, खोली (अंगाकडच्या बाजूपासून बाहेरच्या बाजूपर्यंतचं माप) आणि उंचीच विचार. तुझ्या सामानाचं माप असं निघेल: झूम बॉडीला लावलेली, लेन्स खाली आणि बॉडी वर, अशी कॅमेऱ्याची जागा धर. लेन्स सुमारे ११० मिलिमीटर, माउंटपासून (लेन्स बॉडीला लागते तिथून) मागच्या आयकपपर्यंत (डोळा लावायच्या रबरी कडेपर्यंत) बॉडीचे ६५, लेन्सवर उलटं बसवलेलं हूड (आडवा उजेड अडवणारी कडा) थोडं पुढे येतं, तळाचा फोम १०. आतली उंची २०० मिलिमीटर लागली. बॉडी १३० रुंद, शेजारी १० मिलिमीटरचं पार्टिशन, मग प्राइमसाठी ७५, आणि हात घालायला थोडी मोकळीक, अशी लांबी २४० होते. बॉडीची उंची ९५च्या आसपास, तेव्हा आतली खोली ११० पुरे. गुणाकार केलास तर जेमतेम सव्वापाच लिटर येतात. तुझ्या यादीतल्या १० लिटरच्या बॅगा यादीतून काढून टाक. रिकामी जागा राहिली तर सामान आत आपटतं, आणि जागा आहे म्हणून तिसरी लेन्सही हळूच आत येते.

खोलीचा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बॅग अंगापासून जितकी पुढे येते तितका भार शरीरापासून दूर जातो आणि चालताना बॅग कंबरेवर आदळते. दोन बॅगा सारख्याच वजनाच्या असल्या तरी ११ सेंटिमीटर खोलीची बॅग अंगाला चिकटून राहते आणि १८ सेंटिमीटरची झुलते. गर्दीत वळतानाही हा फरक लगेच कळतो.

प्राइम बुटकी आहे, ती उभी ठेवलीस की तिच्यावर बरीच जागा उरेल. तिथे मधे दुमडणारं पार्टिशन आडवं लावून वर बॅटरी आणि फिल्टर ठेवता येतात. मात्र लेन्सवर थेट काही ठेवू नकोस. कॅमेरा लेन्स खाली करून ठेवताना दोन्ही बाजूंची पार्टिशन अशी लाव की बॉडीचे खांदे त्यांच्यावर टेकतील. नाहीतर बॉडीचा सगळा भार लेन्सच्या पुढच्या कडेवर येतो, आणि बॅग जमिनीवर जरा जोरात टेकली की धक्का सरळ झूमच्या नळीत जातो. बॉडी बसकी ठेवून लेन्स आडवी, आधाराशिवाय लोंबती ठेवणं त्याहून वाईट. तेव्हा प्रत्येक पावलाला माउंटवर ताण पडतो.

हलकी बॅग बनवणारे वजन कुठून कमी करतात ते पाहून घे. बाजूच्या भिंतींचा फोम, धातूची बकलं, चामडं, जादा खिसे, लॅपटॉपचा कप्पा हे सगळं कमी केलं तरी बिघडत नाही. तळ, पट्टा आणि पट्ट्याचे जोड यांत मात्र काटकसर नको. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया इन्क्वायरर या वृत्तपत्राचे छायाचित्रकार जिम डोमकी यांनी १९७०च्या दशकात स्वतःच्या कामासाठी जी एफ-२ बॅग बनवली, तिची रचना याच विचाराची आहे: बाजू नुसत्या कापडाच्या, त्यामुळे बॅग अंगाच्या वळणाने बसते, आत लेन्ससाठी काढता येणारे कप्पे, आणि पट्टा थेट तळाखालून फिरवलेला, म्हणजे भार शिवणीच्या दोन टोकांवर न येता पट्ट्यावरच राहतो. तिचं कॅनव्हास आजच्या मानाने जड आहे, पण पट्ट्याची ती पद्धत कुठल्याही हलक्या बॅगेत शोधण्यासारखी आहे. तसा पट्टा नसेल तर जोडावर चौकोनात फुली मारलेली किंवा दाट आडवी टीप असायलाच हवी. एकेरी सरळ टीप दिसली तर ती बॅग तिथेच सोड.

पट्ट्याची रुंदी ३८ ते ५० मिलिमीटर बघ. २५ मिलिमीटरचा पट्टा पावणेदोन किलोलाही तासाभरात रुततो. पट्टा खरखरीत की गुळगुळीत, हे तू बॅग कशी घालतोस त्यावर ठरतं. एकाच खांद्यावर लटकवणार असशील तर रबराचे धागे विणलेला, न घसरणारा पट्टा हवा. तिरपी, छातीवरून घेणार असशील तर कारच्या सीटबेल्टसारखा गुळगुळीत बरा, कारण बॅग पाठीमागून पोटाशी ओढून आणताना तो अंगावरून सरकायला हवा. दुकानदार बहुतेक वेळा खरखरीत पॅडच चांगलं म्हणून दाखवतील, पण तिरपी बॅग घेणाऱ्याचा शर्ट त्याने दिवसभर पिळला जातो. तू तिरपीच घेणार आहेस, तेव्हा गुळगुळीत पट्टा आणि त्यावर हवं तिथे सरकणारं पॅड घे.

लांबी जुळवायच्या बकलाकडेही लक्ष दे. गुळगुळीत पट्टा आणि हलकं प्लॅस्टिकचं बकल ही जोडी वजनाखाली हळूहळू घसरते आणि तासाभरात बॅग चार बोटं खाली आलेली असते. दुकानात पट्ट्यावर बकलाच्या जागी खडूची खूण कर, भरलेली बॅग दहा-वीस वेळा झटके देऊन बघ, खूण सरकली का ते पाहा. धातूचे फिरते हुक टाळता आले तर टाळ. ते जड असतात, चालताना कुरकुरतात आणि बॉडीवर घासले तर ओरखडे काढतात.

पट्टा बॅगेला कुठे जोडला आहे तेही बघ. बाजूच्या मधोमध असेल तर बॅग सरळ लटकते आणि उघडी असतानाही तोंड समतल राहतं. मागच्या कडेला असेल तर बॅग अंगाला छान चिकटते, पण उघडी बॅग खांद्यावरून काढून हातात धरलीस की वरचा भाग बाहेर कलतो आणि सामान बाहेर येऊ शकतं. मला मधोमधचा जोड जास्त सुरक्षित वाटतो.

झाकणाची दिशा हा फोटो काढणाऱ्याच्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे, आणि बहुतेकजण तो विचारतच नाहीत. झाकण अंगाच्या बाजूला जोडलेलं असेल तर उघडल्यावर ते तुझ्या पोटाशी उभं राहतं आणि हात त्याला वळसा घालून जातो. बाहेरच्या बाजूला जोडलेलं असेल तर ते तुझ्यापासून दूर उघडतं आणि आतलं सगळं समोर दिसतं. नुसत्या वेल्क्रोचं झाकण शांत ठिकाणी नको. त्याचा आवाज सगळ्यांची मान वळवतो, आणि धागे-केस अडकून काही महिन्यांत त्याची पकडही ढिली होते. झिप आणि त्यावर एक बकल, ही जोडी उत्तम. झिप बंद केल्याशिवाय बॅग उचलायची नाही, ही सवय मात्र पहिल्या दिवसापासून लाव. झाकण वरून पडलेलं असतं, बॅग बंद दिसते, आणि पट्टा धरून उचलताच लेन्स बाहेर पडते. हा अपघात बॅगेच्या कुठल्याही दोषाशिवाय होतो.

मुख्य झिप ८ किंवा १० नंबरची असावी (नंबर मोठा तितके दात मोठे). ५ नंबर बाहेरच्या खिशाला चालते. कोपऱ्यावर झिप काटकोनात वळत असेल तर एका हाताने ती तिथे अडकणार. झिप जुनी होते तेव्हा बहुधा दातांच्या आधी स्लायडर (दात जुळवणारा सरकता तुकडा) झिजतो: ओढलेली झिप मागून उघडत जाते. पक्कडीने स्लायडरच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबल्या की काही दिवस निभावतं. पुढे स्लायडर बदलून घे. पूर्ण झिप उसवायची गरज पडत नाही.

कापडाच्या डेनियरचा फार बाऊ करू नकोस. ९,००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तर सूत जाड आणि कापड जड. भिंतींना २१० ते ४२० डेनियर नायलॉन आणि तळाला ५०० किंवा अधिक, अशी वाटणी हलक्या बॅगेला शोभते. सगळीकडे १,००० डेनियर लावलेली बॅग हलकी होणं अवघड. आतला लेप मात्र विचारून घे. पॉलियुरेथेनचा लेप दमट जागी वर्षानुवर्षं राहिला की चिकट होतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. ते लेन्सवर आणि लेन्स बदलताना कॅमेऱ्यातल्या सेन्सरवरही जातात. जुनी बॅग कुणी देऊ केली तर आतल्या कापडावरून बोट फिरव. चिकट लागलं तर घेऊ नकोस. आतलं अस्तर फिकट रंगाचं हवं, काळ्या अस्तरात काळी लेन्सकॅप दिसत नाही.

फोम दोन बोटांत दाब. बोटं जवळजवळ एकमेकांना लागली तर तो नुसता स्पंज आहे, काही महिन्यांत बसेल. बंद छिद्रांचा, घट्ट फोम ५ मिलिमीटर असला तरी भिंतींना पुरतो. तळाला १० हवा, कारण बॅग खाली टेकते तेव्हाच खरा मार बसतो.

पाण्याबद्दल एवढंच, की कापड आणि झिप दोन्ही पाणी अडवणारी असली तरी सुईच्या भोकांतून पाणी झिरपतंच, शिवणी आतून टेपने बंद केलेल्या नसतील तर. पावसाचं वेगळं आवरण १०० ग्रॅमच्या आत येतं, ते ठेव. भिजलेली बॅग घरी आल्यावर रिकामी करून पार्टिशनसकट उघडी वाळव. कॅमेरा बॅगेत साठवूच नकोस. फोम ओल धरून ठेवतो, आणि साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली की लेन्सवर बुरशी धरते. विमानाने जाशील तेव्हा जादा बॅटऱ्या केबिनमधल्या सामानातच, टोकांवर टोप्या लावून ठेवायच्या. त्यासाठी बॅगेत एक वेगळा छोटा खिसा असला तर सोय होते.

एक पर्याय तुझ्या यादीत नाही: फोमचा सुटा इन्सर्ट (कप्पे असलेला आतला डबा) घेऊन तो साध्या कापडी शोल्डर बॅगेत बसवणं. दोन्ही मिळून पाचशे-सहाशे ग्रॅममध्ये काम होऊ शकतं आणि बॅग कॅमेऱ्याची वाटतही नाही. अडचण दोन ठिकाणी येते. साध्या बॅगेचा पट्टा अरुंद आणि एकेरी शिवलेला असतो, आणि इन्सर्ट आत एका बाजूला सरकतो. आतली लांबी इन्सर्टपेक्षा २ सेंटिमीटरहून जास्त मोठी नसेल आणि पट्टा वर लिहिल्यासारखा असेल, तर हा पर्याय मी तुझ्या यादीतल्या निम्म्या बॅगांच्या वर ठेवेन.

दुकानात जाशील तेव्हा स्वतःचं सगळं सामान घेऊन जा. भरलेली बॅग तिरपी घालून पंधरा मिनिटं चाल, जिना चढ, खाली वाकून बुटाची नाडी बांध; वाकताना बॅग पुढे घसरून गुडघ्यावर आली तर पट्टा आखूड करून पुन्हा बघ. मग उभ्यानेच, बॅग खाली न ठेवता, लेन्स बदलून बघ. काढलेली झूम ठेवायला बॅगेत एक कप्पा रिकामा असावा लागतो, आणि कॅमेरा गळ्यात असला की त्याचीच जागा त्यासाठी मोकळी होते. त्या जागेत मागची कॅप लावलेली झूम एका हाताने बसते का, एवढं नक्की तपास.

तुझ्या झूमची लांबी हूड उलटं बसवून मोजून कळव, आणि यादीतल्या बॅगांची रिकामी वजनं व आतली मापंही मागवून पाठव. त्यावरून दोन-तीन बाजूला काढू.

तुझा,
मित्र