आई-बाबांना पत्र: तुम्हाला दिसतं ते मलाही दिसू दे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. बाबा, आयपॅडवर आलेली सूचना तुम्ही एकेक शब्द लावून वाचून दाखवत होतात आणि मधेच ती नाहीशी झाली. मग फोनने आयपॅडचा फोटो काढून पाठवलात, पण त्यात दिव्याची चकाकी तेवढी दिसली. चूक तुमची नाही. स्क्रीनशॉट, म्हणजे पडद्यावर दिसतं त्याचंच चित्र, कसा काढायचा हे मी कधी शेजारी बसून शिकवलंच नाही. ते आज लिहून देते.

तुमच्या आयपॅडला पडद्याखाली गोल बटण नाही. म्हणून वरचं बटण आणि आवाजाच्या दोन बटणांपैकी कुठलंही एक, अशी दोन्ही एकदम दाबून लगेच सोडायची. जास्त वेळ दाबून धरलीत तर आयपॅड बंद करायची पट्टी समोर येते. घाबरू नका, ‘कॅन्सल’ करून पुन्हा दाबा. जमलं की खाली डाव्या कोपऱ्यात छोटं चित्र दिसतं. ते थोड्या वेळाने जातं, पण हरवत नाही, ‘फोटोज’मध्ये सापडतं. तिथून मला पाठवा.

आई, तुझी बोटं हल्ली आखडतात. दोन बटणांशी झटत बसू नकोस. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात टच, त्यात असिस्टिव्हटच चालू केलं की पडद्यावर एक गोल ठिपका कायम राहतो. तिथेच ‘डबल-टॅप’पुढे ‘स्क्रीनशॉट’ निवडलं की पुढे ठिपक्यावर दोनदा टिचकी मारली तरी पुरे. बाबा, एवढं तिला लावून द्या. खरं तर तुम्हीही हेच वापरावं असं मला वाटतं.

सफारीत, म्हणजे आयपॅडच्या ब्राउझरमध्ये, लांबलचक पान असेल तर त्या छोट्या चित्रावर बोट लावून वर ‘फुल पेज’ निवडा. अख्खं पान पीडीएफ म्हणून साठवता येतं.

एक मात्र जपा. पासवर्ड, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर दिसत असेल तर तो स्क्रीनशॉट मलासुद्धा पाठवू नका. नंबरावर हायलाइटर फिरवून भागत नाही, त्याच्या आडून अक्षरं दिसतात. छोट्या चित्रावर बोट लावून ते उघडा आणि त्याच्या कडा आत ओढून तेवढा भाग कापूनच टाका. आणि अनोळखी माणूस फोनवर ‘स्क्रीनशॉट पाठवा’ म्हणाला तर एक शब्दही न बोलता फोन ठेवा.

काही अडलं की तुम्ही म्हणता, ‘तुला कशाला त्रास.’ त्रास मला तुमच्या विचारण्याचा होत नाही. तुमच्यापुढे काय आलंय ते इथून दिसत नाही, त्याचा होतो. कसलाही मजकूर आला, समजला नाही, तर कुठेही बोट लावण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट काढा. रात्री उशीर झाला तरी पाठवा.

रविवारी फोन करीन, त्याआधी एखादा पाठवून ठेवा. कशाचाही चालेल. आईने ठिपक्यावरून काढलेला आला तर फार बरं वाटेल.

तुमची,
लेक