कुदळ मारली, लिफ्टचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली नव्या सरकारी दवाखान्याच्या भूमिपूजनाची बातमी वाचली. फोटो झकास आलाय. कुदळ एक आणि तिला हात लावलेले अकरा जण. सगळ्यांची नावे आपण ओळीने छापलीत. खाटा किती, कोटी किती, तेही आहे. त्या खाटांसाठी नर्स, तंत्रज्ञ, सफाई कामगार यांची पदे मंजूर झालीत का, एवढे मात्र आपल्या वार्ताहराने विचारलेले दिसत नाही. असो, मांडवात गर्दी असेल.

माझी नोकरी सरकारी बांधकामांच्या हिशेबात गेली, म्हणून सांगतो. दवाखान्याची इमारत उभी राहते 4210 या भांडवली लेखाशीर्षातून, म्हणजे बांधकामासारख्या एकदाच्या खर्चाच्या सरकारी खात्यातून. पगार, औषधे, वीजबिल हे सगळे 2210 या रोजच्या खर्चाच्या खात्यातून. पहिल्याला नारळ फोडता येतो, दुसऱ्याला कुठे फोडणार? त्यामुळे अंदाजपत्रकात फरशीचा दर पैशापर्यंत असतो, पण ती इमारत चालवायला वर्षाला किती लागेल, असा कागद मी तरी कुठल्या फायलीत पाहिला नाही.

गेल्या वर्षी माझी थोरली बहीण न्हाणीत घसरली. अक्काचे वय 78. 108 ची गाडी दुसऱ्या अपघातावर गेलेली, म्हणून रिक्षाने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेली. इमारत नवी कोरी. एक्स-रे पहिल्या मजल्यावर (ज्याने हे आखले त्याचाही सत्कार व्हावा). लिफ्टच्या दाराला पुठ्ठा बांधलेला. रॅम्प होता, पण त्यावर मोडक्या कॉटांची थप्पी. शेवटी समोरच्या चहावाल्याची प्लास्टिकची खुर्ची आणली आणि मी, भाचा, रिक्षावाला व एक शिपाई अशी आमची पालखी निघाली. अक्का आधी कण्हत होती. जिन्याच्या वळणावर ती एकदम गप्प झाली, तेव्हा माझे हातपाय गळाले. वर पोचल्यावर कळले, फिल्म संपल्यात, मोबाईलवर फोटो काढून घ्या. डॉक्टरीणबाई भल्या होत्या, पण अख्ख्या दवाखान्यात एकट्या. फोटो बघून त्यांनी साताऱ्याला न्या म्हणून लिहून दिले. पालखी पुन्हा खाली.

15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, त्याबद्दल आभारच. आम्हाला भाड्याच्या गाडीचे अडीच हजार पडले.

त्या कॉटा मात्र डोळ्यांसमोरून जात नाहीत. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला आग लागली आणि 10 तान्ही बाळे गेली. त्यानंतर जिकडेतिकडे फायर ऑडिट झाले म्हणे. त्या दिवशी आमच्या त्या इमारतीत काही पेटले असते, तर वरची माणसे कुठून उतरली असती?

खुर्ची परत करायला गेलो तर चहावाला म्हणाला, "राहू द्या तिथंच, रोज कुणीतरी नेतंयच."

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, शाहूपुरी, सातारा

ता. क. : आमच्याकडे आपला अंक हल्ली साडेआठला येतो, आणि शब्दकोड्याचे चौकोन इतके बारीक केलेत की भिंग घेऊन बसावे लागते. भूमिपूजनाचा फोटो चार कॉलम होता, त्यातला एक इकडे द्यावा.