क्वार्ट्झच्या ओट्याला तव्याने पडलेली चीर: तक्रार व भरपाईची मागणी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या दिवाळीआधी तुमच्या शोरूममधून पांढऱ्या क्वार्ट्झचा ओटा घेतला. दगड, कटाई, बसवणी धरून ९२,००० रुपये मोजले. पावतीची प्रत सोबत आहे. जुना काळ्या ग्रॅनाइटचा ओटा १७ वर्षं वापरात होता, त्यावर आम्ही कढया-तवे खुशाल टेकवायचो. तो काढायला सासूबाईंचं मन होत नव्हतं. "यावर गरम तवा ठेवला तर चालेल ना?" हे त्यांनीच विचारलं. तुमच्या माणसाने माहितीपत्रकातल्या 'हीटप्रूफ' शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बिनधास्त ठेवा, काकू." त्या भरवशावर आम्ही जुना ओटा फोडला.

होळीला पुरणपोळ्या चालू होत्या. शेजारच्या शेगडीवर दूध वर आलं, म्हणून मी बिडाचा तवा सांडशीने उचलून ओट्यावर ठेवला. मिनिटभरसुद्धा नाही. टच् असा बारीक आवाज आला. तवा उचलला तर खाली पिवळट गोल, कडेने तपकिरी. बोट फिरवलं की तिथली चकाकी गेल्याचं कळतं. दुसऱ्या दिवशी त्या गोलापासून सिंकच्या कोपऱ्यापर्यंत केसासारखी चीर दिसली. आता तिच्यात हळद बसली आहे आणि कशानेही निघत नाही.

तुमचा माणूस फोटो काढून गेला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, उष्णतेने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. हे कलम ज्या कार्डावर आहे ते ओटा बसवून झाल्यावर आमच्या हातात पडलं, तेही बारीक इंग्रजी अक्षरांत.

हा दगड खाणीतून अखंड निघत नाही, हे मला नंतर कळलं. साधारण ९० टक्के क्वार्ट्झचा चुरा, बाकी तो बांधून ठेवणारं रेझिन आणि रंग. चुऱ्याला तव्याची धग काही करत नाही. रेझिन मात्र साधारण १५० अंशांपुढे पिवळं पडू लागतं. तळणीचं तेल १८० अंशांच्या आसपास असतं, पोळीचा तवा सहज २०० च्या वर जातो. शिवाय एकाच जागी तापलेला दगड फुगतो, भोवतालचा थंड राहतो, आणि तो ताण सिंकच्या कापलेल्या कोपऱ्याशी जाऊन फुटतो. तुम्ही हा माल रोज विकता. तुम्हाला हे ठाऊक असणारच. आम्हाला एक वाक्य सांगितलं असतं, "खाली लाकडी पाट ठेवा", तर आम्ही ठेवला असता, किंवा ग्रॅनाइटच घेतला असता.

सिंकपासून शेगडीपर्यंतचा तुकडा तुमच्या खर्चाने बदलून द्या, नाहीतर त्याची किंमत परत करा. माहितीपत्रकातला 'हीटप्रूफ' शब्द काढा आणि किती अंशांपर्यंत चालतं ते मराठीत, ऑर्डर घेण्याआधी सांगा. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. माहितीपत्रक आणि फोटो मी जपून ठेवले आहेत.

आपली,
एक ग्राहक

सोबत: पावती, वॉरंटी कार्ड व माहितीपत्रकाची प्रत, ओट्याचे ४ फोटो