मॉरिशसला जाताना बॅगेत हापूस नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मॉरिशसवरच्या मराठी लेखांत समुद्र असतो, हॉटेलं असतात, शामारेलची सात रंगांची माती असते. तिथल्या घरात चुलीवर काय चढतं हे क्वचितच येतं. नातेवाइकांकडे राहायला जाणाऱ्याला तर तेच हवं असतं. ते ठाऊक नसल्यामुळे ठेपले, लोणची, तयार भाज्यांची पाकिटं आणि वर हापूसची पेटी अशा बॅगा भरल्या जातात. पेटी विमानतळावर अडकते, आणि पाहुणे आपापली पाकिटं फोडतात तेव्हा यजमानीण मनातून दुखावते. हे टळावं म्हणून हे पत्र.

आधी पेटीबद्दल. ताजी फळं, भाजीपाला, कढीपत्त्याच्या काड्या, रोपं, बी-बियाणं, मांस-मासळी यांतलं काहीही परवान्याशिवाय नेता येत नाही. आंब्यातून फळमाशीच्या अळ्या जातात आणि ऊस, लिची, भाज्यांवर जगणाऱ्या बेटाला नवी कीड परवडत नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2016 पासून बंदी आहे, म्हणून सामान कापडी पिशव्यांत बांधा. तिथे बाजाराला ‘तांत बाझार’ नेतात. ही पिशवी वाकवाच्या पानांची विणलेली असते, आणि वाकवा म्हणजे आपल्या केवड्याचाच भाऊबंद. भेट न्यायची तर सुती साडी, पितळेची समई, पूजेची वस्त्रं, मुलांसाठी मराठी पुस्तकं न्यावीत. मुलं शाळेत मराठी शिकतात, पण घरात बोलतात क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली), त्यामुळे सोप्या भाषेतली पुस्तकं निवडा. भारतातून आलेल्यांची मलेरियासाठी नोंद ठेवण्याची आणि घरी येऊन रक्त तपासण्याची पद्धत आहे. आरोग्यखात्याचा माणूस दारात आला तर घाबरू नका. उतरायचा पत्ता मात्र पूर्ण आणि खरा लिहा.

आता जेवणाकडे. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, पहिली तुकडी पोर्ट लुईसला उतरली. त्या घाटाला आज आप्रवासी घाट म्हणतात. पुढच्या दशकांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतली माणसं मुंबई बंदरातून तिकडे गेली. बिहारी, तमिळ, तेलुगू, चिनी आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज त्यांच्या शेजारी होते, आणि मालक फ्रेंच भाषेचे. एवढ्यांची मीठ-मिरची ज्या चुलीवर एकत्र आली, तिचं अन्न परकं वाटायचं कारण नाही. कोकणातल्या माणसाला तर निम्मं स्वयंपाकघर ओळखीचं निघेल, फक्त नावं बदललेली.

बाजारात ‘ब्रेद’ हा शब्द ऐकलात की पाव समजू नका. ब्रेद म्हणजे पालेभाजी. ब्रेद मुरुम म्हणजे शेवग्याचा पाला, ब्रेद सोंझ म्हणजे अळू, ब्रेद मालबार म्हणजे माठाच्या कुळातली भाजी आणि ब्रेद जिरोमॉं म्हणजे लाल भोपळ्याचे कोवळे शेंडे. भेंडीला लालो, कारल्याला मारगोझ, दोडक्याला पिपांगाय म्हणतात. पडवळाला पातोल, आणि संस्कृतातल्या पटोलाशी त्याचं नातं उघड दिसतं. फणसाला झाक, कोथिंबिरीला कोतोमिली, कढीपत्त्याला कारिपुले. चटणी झाली सातिनी आणि पराठा झाला फाराता. नीरफणसही मिळतो, उकडून किंवा काप तळून खातात. माहेबूर्गचा बाजार सोमवारी भरतो, फ्लाकचा बुधवारी आणि रविवारी. यजमानांबरोबर सकाळी आठच्या आत गेलात तर पाला टवटवीत मिळतो. दुपारपर्यंत शेवग्याची पानं गळायला लागतात.

या पाल्याचं पातळ सार, ‘बुयॉं ब्रेद’, रात्रीच्या भाताबरोबर घरोघरी असतं. चमचाभर तेलात कांदा, ठेचलेला लसूण आणि आलं परतायचं, चौघांसाठी साधारण लिटरभर पाणी ओतायचं, उकळी फुटली की निवडलेला पाला आणि मीठ. मुरुमला पाच मिनिटं पुरतात. झाकण ठेवलं तर पाला काळपट होतो आणि सार कडसर लागतं. सोंझ मात्र पूर्ण विरघळेपर्यंत शिजवतात आणि चिंच घालतात. कारण आपल्याला ठाऊकच आहे: अळूतले सुईसारखे खडे नीट शिजले नाहीत तर घसा खवखवतो.

तिथल्या ‘कारी’त मसाल्याची पूड थेट तेलात पडत नाही. आधी वाटीभर पाण्यात कालवून सरसरीत लगदा करतात, कांदा-लसूण परतल्यावर तो ओततात आणि तेल सुटेपर्यंत ढवळतात. कोरडी पूड तापल्या तेलात क्षणात करपते आणि पूर्ण कालवण कडू होतं. आपल्या घाईच्या स्वयंपाकातही हे उचलण्यासारखं आहे. कढीपत्त्याच्या जोडीला त्यात थाइमची काडी पडते. वास ओळखीचा वाटला तर नवल नाही, ओव्यातलं थायमॉल थाइममध्येही असतं. जुन्या घरांत मसाला अजून ‘रोस कारी’वर वाटतात. रोस कारी म्हणजे पाटा आणि ‘बाबा रोस’ म्हणजे वरवंटा. टोमॅटो, कांदा, आलं-लसूण, थाइम आणि मिरचीचं ‘रुगाय’ हा रोजचा दुसरा आधार. त्यात सॉसेज किंवा खारवलेला मासा असू शकतो, शाकाहारींनी विचारून घ्यावं.

सगळ्यात जीव लावावा असा पदार्थ म्हणजे धोल पुरी. नाव पुरीचं असलं तरी ती तळत नाहीत. ही बिनगुळाची, कोरड्या पुरणाची पोळी आहे, आणि पुरणपोळी येणाऱ्या बाईला ती यजमानीणीजवळ उभं राहून एका सकाळी शिकता येते. अर्धा किलो मैद्याला पाव किलो हरभरा डाळ किंवा पिवळ्या वाटाण्याची डाळ. डाळ तीन-चार तास भिजवून चमचाभर हळद घालून उघड्या पातेल्यात शिजवा. कुकर नको. दाणा बोटांत दाबला तर तुटावा, पण त्याचा लगदा होऊ नये. पाणी गाळून ठेवा, डाळ फडक्यावर पसरून पूर्ण गार आणि कोरडी करा, मग मिक्सरमध्ये फिरवून चाळा. रव्यासारखी मोकळी पूड व्हायला हवी. तिच्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ घाला. गाळलेल्या कोमट पाण्यात मैदा भिजवा, दोन मोठे चमचे तेल लावून कानाच्या पाळीइतका मऊ मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. लिंबापेक्षा थोडा मोठा उंडा, त्यात मोठा चमचाभर पूड दाबून, तोंड बंद करून पिठीवर वीतभर पातळ लाटा. तवा चांगला तापलेला हवा. दोन्ही बाजूंना तेलाचा हात फिरवा, बाजूला अर्धं मिनिट पुरे. डाग पडू द्यायचे नाहीत, पोळी पिवळसर आणि लुसलुशीत राहिली पाहिजे. उतरवली की लगेच फडक्यात गुंडाळा.

बिघडते ती बहुतेक डाळीपायी. डाळ जास्त शिजली की सारण ओलं होतं, पोळपाटाला चिकटतं आणि पोळी फाटते. गरम सारण भरलं तर वाफ धरून भोकं पडतात. तवा मंद असेल तर पोळी पापडासारखी कडक होते, मग कितीही झाका, मऊ होत नाही.

रस्त्यावर ती जोडीनंच विकतात. ‘एन पेर’ म्हणायचं. दोन पोळ्या एकावर एक, मध्ये ‘ग्रो प्वा’ या मोठ्या पांढऱ्या, वालासारख्या दाण्यांची कारी, रुगाय, कोथिंबिरीची सातिनी, आशार (मोहरी-हळद-व्हिनेगरमधल्या भाज्यांचं लोणचं) आणि वाटलेली मिरची. मिरची हवी का हे विचारतात, पहिल्या दिवशी ‘तिगिट’, थोडीशी, म्हणा. गाडी गर्दीची निवडा, कारण गार झालेली धोल पुरी तासाभरात वातड होते. लग्नाकार्यात आणि सणाला तिच्याबरोबर खीर वाढतात. भूक राखून बसा.

सकाळच्या न्याहारीला ‘गातो पिमा’. रात्रभर भिजवलेली डाळ पाणी न घालता जाडसर वाटून, हिरवी मिरची, कांद्याची पात, कोथिंबीर, जिरं घालून बोरापेक्षा मोठे गोळे तळतात. लोणी लावलेल्या गरम पावात तीन-चार घालून खातात. वाटताना पाणी पडलं तर गोळे तेलात फुटतात. आणि गाडीवरच्या त्याच कढईत माशाचे समोसे तळलेले असू शकतात, एवढं शाकाहारींनी ध्यानात ठेवावं. तसंच ‘माझावारू’ या मिरचीच्या ठेच्यात सुकट असू शकते, हलीम मटणाचं असतं आणि बुलेतच्या (वाफवलेल्या गोळ्यांच्या) चिनी गाडीवरचं सूप बहुतेक हाडांचं किंवा माशाचं. एक वाक्य पाठ करून जा: ‘मो पा मांज लाव्यान, नि प्वासॉं, नि दिझेफ’, म्हणजे मी मांस, मासे, अंडी खात नाही. त्याहून सोपं ‘मो पे फेर कारेम’, माझा उपास चालू आहे. कारेम म्हणजे सणाआधी पाळायचं शाकाहारी व्रत. महाशिवरात्र आणि गणेश चतुर्थीच्या आधी अनेक हिंदू घरांत ते असतं, त्यामुळे हे कोणालाही लगेच कळतं. उलट चतुर्थीच्या दिवसांत मासे खायच्या आशेनं गेलात तर ते घरात शिजणार नाहीत. त्या दिवशी तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि झाकरी (तिथल्या मराठी लोकांचं गाणं-नाच) ऐकायला मिळाली तर कोकणातली जाखडी आठवल्याशिवाय राहणार नाही.

मासे खाणाऱ्यांनी ‘विंदाय’ सोडू नये. गोव्याच्या विंदालूचं मूळ जे पोर्तुगीज लसूण-व्हिनेगरचं मुरवण, तेच याचंही. किलोभर घट्ट मासा (टुना चालतो) तुकडे करून तळून घेतात. तेलात दोन मोठे चमचे जाडसर वाटलेली मोहरी, चमचाभर हळद, दहा-बारा लसूणपाकळ्या, आल्याचे बारीक तुकडे, उभ्या चिरलेल्या मिरच्या, अर्धी वाटी व्हिनेगर, आणि शेवटी छोटे कांदे. कांदे कुरकुरीतच राहायला हवेत. मग मासा घोळवून बरणीत. त्याच दिवशी खाल्लं तर मोहरी नाकात जाते. दुसऱ्या दिवशी पावाबरोबर खा. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, व्हिनेगर त्याला लागतं. ऑक्टोपसचं, ‘ऊरित’चं, विंदायही होतं आणि कारीही. कारीत कच्ची पपई घालतात, तिच्यातल्या पपेनमुळे मांस मऊ पडतं. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ऊरित पकडायला बंदी असते. अंडी घालून पिल्लं वाढावीत म्हणून ही बंदी आहे, तेव्हा त्या काळात हट्ट धरू नका.

चहात व्हॅनिला असते आणि दूध बहुधा पावडरीचं. त्यात आलं ठेचायचा आग्रह धरू नये, दोन्ही वास मरतात. थंड प्यायला आलुदा घ्या: दूध, सरबत, सब्जा आणि आगर-आगरचे तंतू. माहेबूर्गला 1870 पासूनचा मॅनिऑक बिस्किटांचा कारखाना आहे. मॅनिऑक म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद. वाळलेल्या उसाच्या पाचटावर लोखंडी तवे तापवून ती बिस्किटं अजून भाजतात. परत येताना ही बिस्किटं आणि तिथली मळीचा वास असलेली काळपट साखर बंद पाकिटात आणा. फळं आणू नका, आपल्याकडेही तोच नियम आहे.

ऋतू उलटे आहेत. आपल्या मे महिन्यात तिथे हिवाळा लागतो आणि रानात लाल चिनी पेरू पिकलेले असतात. लिची आणि आंबा नोव्हेंबर-डिसेंबरचे. त्याच सुमारास चक्रीवादळांचा काळ सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो. इशारे एक ते चार अशा क्रमानं येतात. तीनचा इशारा म्हणजे दुकानं आणि बस बंद, बाहेर पडायचं नाही. एक-दोनलाच पाव, पाणी, मेणबत्त्या घरात याव्यात. यजमान सामान आणायला निघाले तर पाहुण्यांनी सोबत जावं आणि पिशवी उचलावी.

निघायच्या दिवशी यजमानीण आशारची बरणी हातात ठेवेलच. नाही म्हणू नका. भाज्या नीट वाळलेल्या असतील आणि वर तेलाचा थर असेल तर ते महिनाभर टिकतं. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, वर घट्ट दोरा, मग जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा. हातसामानात ठेवू नका, तेल-व्हिनेगरची बरणी सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी